एक बावन्नचा ठिपका

"काल तुमची गाडी वेळेवर आली होती, मोमसेनबाई," नॉर्डरफेनच्या वृद्धनिवासातली सिस्टर मिलेना फोनवर म्हणाली आणि फ्राउकेच्या हातातली बटाटे सोलायची सुरी अर्ध्या सालीवर थांबली. मिलेनाच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. ती रागावली असती तर फ्राउकेला दोन शब्द सुनावता आले असते. पण मिलेना समजून घेत होती. "हे बघा, रोज येणं कुणालाच जमत नाही. तुम्ही एकोणसत्तरच्या आहात. एखाद्या दिवशी नको वाटलं तर सरळ सांगत जा, इथं कुणी नावं ठेवणार नाही. पण गाडी ऑस्टरमूरहून परत फिरवली वगैरे सांगू नका. आम्ही नकाशा बघतो ना. एक बावन्न, नॉर्डरफेन, हिरवा ठिपका. मी बघितला, तुमच्या मिस्टरांनीही बघितला." आणि मग आवाज आणखी खाली आणून, "काल ते जेवले नाहीत. म्हणाले, ती उतरली आणि दुसरीकडे गेली."

फ्राउकेने फोन ठेवला आणि उरलेली साल एका ओढीत काढून टाकली. तिच्या अंगी अवगुण कमी नव्हते. ती हट्टी होती, कॉफीच्या बाबतीत चिक्कू होती, आणि नणंदेशी तिने एका पडद्याच्या कापडावरून अकरा वर्षं अबोला धरला होता. पण फ्राउके मोमसेन खोटं बोलते असं ब्राकेनडोर्फपासून समुद्रापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. काल ती गाडीत होती. एक चोवीसची, नेहमीची, दोन डब्यांची. ऑस्टरमूरला दारं उघडली आणि गाडी इथंच संपते म्हणून सांगितलं, आणि शेवटचं एकच स्टेशन उरलेली ती आणि एक सायकलवाला असे दोघं फलाटावर उतरले. पुढची बस सव्वाचारला. ती परत घरी आली, कारण सव्वाचारच्या बसने गेलं तर हिनरिकचं जेवण, औषधं, झोप सगळं उलटंपालटं होतं. घरी येऊन तिने निवासात फोन केला, निरोप ठेवला, गाडी पुढे गेली नाही असं सांगितलं. आणि आता तो निरोप म्हणजे नवऱ्याला भेटायचा कंटाळा आलेल्या बाईची थाप ठरला होता.  मिलेनाचा तिला राग नव्हता. त्या पोरीनं काय करायचं, तिच्यासमोर काच होती आणि काचेवर ठिपका होता.

हिनरिकचं मन गेली दोन वर्षं एकेक करून सामान बाहेर काढत होतं. आधी नावं गेली, मग महिने, मग आपलं घर कुठलं ते. डॉक्टर म्हणाला होता, एक तरी वेळ पक्की ठेवा, बाकी सगळं गेलं तरी वेळ सर्वांत शेवटी जाते. चाळीस वर्षं आगगाडी चालवलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरंच होतं. काल काय खाल्लं ते त्याला सांगता येत नसे, पण दोन वाजायला आठ मिनिटं असली की तो दिवाणखान्यातल्या खिडकीपाशी येऊन बसे. दोन वाजून पाच मिनिटांनी फ्राउके बांधावरची पायवाट उतरून दारात येई, आणि तो म्हणे, "वेळेवर." एवढाच त्यांचा संसार उरला होता. मग मिलेनाने चांगल्या मनाने एक युक्ती काढली. एका पाटीएवढ्या पडद्यावर तिने गाड्यांचा तो नकाशा लावला, काळ्या रेघांवर सरकणारे रंगीत ठिपके, आणि हिनरिकच्या मांडीवर ठेवला. तो माणूस हरखून गेला. ब्राकेनडोर्फहून हिरवा ठिपका निघाला की तो बोट ठेवायचा आणि बोट ठिपक्याबरोबर सरकवत न्यायचा. "ही फ्राउके," तो शेजारच्या म्हातारीला सांगायचा, "आता पुलावर आहे." फ्राउकेला सुरुवातीला ते इतकं आवडलं होतं की तिने मिलेनाला खसखशीचा केक नेऊन दिला होता. तो केक आता आठवून तिला चीड आली.

तिने बटाटे पाण्यात टाकले आणि रेल्वे कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. सतरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक तरुण माणूस बोलू लागला. त्याचं नाव त्याने इतक्या भराभर सांगितलं की ते नाव होतं की नमस्कार तेच कळलं नाही.

"काल, एक चोवीस, ब्राकेनडोर्फ ते नॉर्डरफेन. इथं तर वेळेवर दिसतेय, बाई."

"ती नॉर्डरफेनला गेलीच नाही. मी आत होते."

"बरोबर आहे. शेवटचा थांबा वगळलाय."

"म्हणजे गाडी आली नाही."

"आली नाही, पण उशीरही झाला नाही. वगळलेला थांबा उशिरात धरत नाहीत. ऑस्टरमूरला पाच मिनिटं मागं होती, आणि सहा मिनिटांपर्यंत आम्ही वेळेवरच म्हणतो."

"अहो, जे स्टेशन आलंच नाही तिथं ती वेळेवर कशी आली?"

"तसं नाही म्हणत मी. उशिरा आली नाही, एवढंच म्हणतोय."

"मग नकाशात ठिपका नॉर्डरफेनला कसा पोचतो?"

"तो नकाशा माहितीसाठी असतो, बाई. खाली लिहिलेलं असतं, स्थान अंदाजे. बारीक अक्षरात आहे, पण आहे." मग त्याने तिला आजच्या संभाषणाबद्दल किती समाधान वाटलं ते एक ते पाच आकड्यांत सांगायची विनंती केली. फ्राउकेने फोन आपटला. आपटल्याचं समाधानसुद्धा आजकालच्या फोनमध्ये मिळत नाही, नुसतं बोट टेकवायचं.

स्थान अंदाजे. हा शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. नॉर्डरफेनच्या सिग्नलच्या केबिनमध्ये तिने एकतीस वर्षं काढली होती, आणि अंदाजे हा शब्द तिथं शिवीसारखा होता. गाडी आली म्हणजे आली असं नसे. शेवटच्या डब्याच्या मागं एक लाल-पांढरी पाटी असते. ती पाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं ऑस्टरमूरला कळवायचं नाही. पाटी दिसली नाही तर एखादा डबा मागं रुळावर सुटला असू शकतो, आणि तुम्ही दुसरी गाडी त्याच्यावर सोडाल. नियम एवढासा, पण त्यावर माणसं जगतात. एका फेब्रुवारीत असं धुकं पडलं होतं की केबिनमधून फलाटाचं टोकही दिसेना. हिनरिकची गाडी येऊन उभी राहिली, उतारू उतरून गेले, ऑस्टरमूरचा माणूस फोनवर ओरडत होता की पुढची गाडी खोळंबलीय, कळव एकदाची, आणि फ्राउके म्हणत होती, मी पाटी पाहिली नाही. शेवटी ती बॅटरी घेऊन खाली उतरली, फलाटभर चालत गेली, पाटीला हात लावून परत आली आणि मग कळवलं. हिनरिक भांडायला जिना चढून वर आला होता. तेव्हा त्यांची ओळख नव्हती. "नऊ वर्षं गाडी हाकतोय मी," तो म्हणाला, "माझी शेपटी माझ्या मागंच असते." ती म्हणाली, "असेल. मी पाहिली नव्हती." पुढं लग्नात त्याने मित्रांना सांगितलं की असली बाई घरात असली म्हणजे रात्री दारं लागलीत की नाहीत ते उठून बघावं लागत नाही.

मग नऊ वर्षांपूर्वी केबिन बंद झाली. आता सगळं दोनशे किलोमीटरवरच्या एका इमारतीतून चालतं, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. तिथल्या पोरांना नॉर्डरफेन कुठं आहे हेही नकाशातच माहीत. ऑस्टरमूरपर्यंत रुळांना यंत्रं आहेत, तिथवर ठिपका खरा असतो. पुढच्या सात किलोमीटरला एका वेळी एकच गाडी जाणार, मग खर्च कशाला, म्हणून तिथं गाडी पाहणारं यंत्र नाही आणि माणूसही नाही. माणूस होता तो घरी बसून बटाटे सोलतोय. तेव्हा ऑस्टरमूरच्या पुढं ठिपका वेळापत्रकाच्या खांद्यावर बसून आपला मजेत जातो, गाडी असो वा नसो. हे तिचं तिलाच उलगडलं, सुरी हातात धरून, आणि उलगडल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी त्याला चांगली बैठक मिळाली. तिच्याच खुर्चीवर कुणाला बसवलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या खुर्चीतून रोज एक खोटी बातमी निघत होती, आणि ती बातमी तिच्याच नवऱ्याच्या मांडीवर जाऊन पडत होती.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिने मोटार चालवणं सोडलं होतं, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. एक चोवीसला ती नेहमीच्या जागी बसली. निघताना गाडीने तीन मिनिटं खाल्ली, पुलाअलीकडे आणखी दोन. फ्राउकेने कधी नव्हे तो स्वतःच्या फोनवर तो नकाशा उघडून ठेवला होता. ठिपका हिरवा होता. खिडकीबाहेर पवनचक्क्या फिरत होत्या आणि मेंढ्या बांधाच्या उतारावर वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तिला वाटलं, आज नाही करणार. सलग दुसऱ्या दिवशी नाही करणार, इतकी लाज असेल. ऑस्टरमूरला गाडी उभी राहिली, दारं उघडली आणि उघडीच राहिली. तिकीट तपासनीस मुलगी डब्यातून चालत आली. तिच्या चेहऱ्यावर दिवसभर लोकांची बोलणी खाणाऱ्या माणसाचा थकवा होता.

"गाडी इथंच संपतेय. उतरून घ्या."

"का?"

"पाच मिनिटं मागं आहोत. पुढं जाऊन आलो तर ब्राकेनडोर्फची मोठी गाडी चुकते. वरून तसं सांगितलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून, बाई. मला काय दिसतंय तिथलं?" मग थोडी नरमून म्हणाली, "माझं पण डोकं फिरतं हो. पण मी खाली उतरून ढकलू का गाडी?"

फ्राउके फलाटावर उतरली. तिच्याशिवाय कुणीच उतरलं नाही, आज सायकलवालाही नव्हता. एक एकोणपन्नास झाले होते. तिने फोनकडे पाहिलं. ठिपका निघाला होता. तिच्या पाठीमागं गाडी उघड्या दारांनी उभी होती, चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जेवणाचा डबा हातात घेऊन चालत चालला होता, आणि हातातल्या काचेवर तीच गाडी हिरवी होऊन नॉर्डरफेनकडे धावत होती. पाच मिनिटांचा उशीरही तिने एका उडीत भरून काढला होता. त्या ठिपक्यात फ्राउके बसली होती. हिनरिकच्या बोटाखालून, मेंढ्यांच्या कुरणाजवळून, जुन्या केबिनवरून ती वेळेवर चालली होती, आणि खरी फ्राउके फलाटावर उभी राहून स्वतःला जाताना पाहत होती. कुणीतरी तिचं सोंग घेऊन तिच्या घरात शिरावं आणि आपण रस्त्यावर उभं राहून पडद्यामागची सावली बघावी, तसं तिला वाटलं. तिने निवासात फोन लावला. जेवणं आवरायची वेळ, कुणी उचलला नाही. कृपया निरोप ठेवा. निरोप ठेवून काल काय झालं ते तिने पाहिलं होतं. एक बावन्नला ठिपका नॉर्डरफेनला टेकला. दोन पाचला हिनरिक दाराकडे बघेल.

गावातली एकुलती एक टॅक्सी रुग्णालयाच्या फेऱ्यांना लागलेली असते हे तिला माहीत होतं, तरी फोन करून पाहिला. मग तिने पर्स खांद्यावर अडकवली आणि रुळांच्या कडेच्या रस्त्याने चालायला लागली. सात किलोमीटर. तरुणपणी ती हे अंतर सायकलवर हसत कापायची. आता वारा समोरून होता आणि उजवा खुबा दर पावलाला स्वतःचं नाव सांगत होता. रस्त्याला लागून रूळ होते, आणि फाटकापाशी तिचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. रुळांचा माथा गाडी गेली की आरशासारखा असतो. हा नारिंगी झाला होता. समुद्राकडच्या हवेत एक रात्र पुरते, दुसऱ्या दिवशी गंजाची साय धरते. म्हणजे कालपासून यावरून एकही चाक गेलं नव्हतं. एक चोवीसचीच नव्हे, सकाळची, संध्याकाळची, सगळ्याच्या सगळ्या वगळल्या होत्या, आणि नकाशात दिवसभर ठिपके येत होते, जात होते. आख्ख्या गावाच्या तोंडाला पानं पुसली होती आणि गाव पवनचक्क्यांकडे बघत बसलं होतं. ती वाकली, खुब्याने बोंब मारली तरी वाकली, आणि रुळावरून बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. तिने रुळाचा फोटो काढला, मग बोटाचा. तिला जवळजवळ आनंद झाला. हिनरिकला हे एका नजरेत कळेल. महिने विसरला असेल, घर विसरला असेल, पण गंजलेला रूळ म्हणजे काय ते चालकाला सांगावं लागत नाही. आणि मिलेनालाही दाखवीन, ती म्हणाली, मोठ्याने, मेंढ्यांना. नंतरच्या चार किलोमीटरांत तिने ते भाषण निदान सहा वेळा केलं. दर वेळी ते जास्त जहाल होत गेलं. शेवटच्या वेळी त्यात दोनशे किलोमीटरवरच्या इमारतीतला प्रत्येक माणूस उभा राहून माफी मागत होता.

निवासात शिरली तेव्हा तीन चाळीस झाले होते. दिवाणखान्यात कॉफीचे कप गोळा करत मिलेना उभी होती. तिने फ्राउकेच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं आणि पुढचा कप उचलला. हिनरिक खिडकीपाशी होता, पण त्याने खुर्ची दाराकडे पाठ करून वळवून घेतली होती. मांडीवर पडदा. त्याच्या कानांनी चाळीस वर्षं इंजिन ऐकलं होतं, त्यामुळे पावलांचा आवाज त्याला येत नसे. ती समोर जाऊन बसली तेव्हा त्याने वर पाहिलं.

"एक बावन्नला आलीस," तो म्हणाला. "आता तीन चाळीस."

"हिनरिक, ऐक. गाडी आलीच नाही. मी चालत आले."

"आली. मी पाहिली."

"ठिपका पाहिलास तू. हे बघ, मी रुळाचा..." ती फोन काढत होती.

"इथं सगळे मला थापा मारतात," तो शांतपणे म्हणाला, जणू हवामान सांगत होता. "सूप गरम आहे म्हणतात, गार असतं. डॉक्टर उद्या येतो म्हणतात, उद्या कधी येत नाही. ही पोरगी सांगते काल अंघोळ केलीत, मला आठवत नाही. मग मी हो म्हणतो. काय करणार?" त्याने पडद्यावर बोट ठेवलं.  "हा एकटा खरं सांगतो. हा म्हणतो पुलावर, तर तू पुलावर असतेस. आणि तू आता यालाही खोटं पाडायला आलीस, फ्राउके?"

फोन तिच्या हातात उघडा होता, त्यावर तांबडं बोट होतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो रागावलेला नव्हता. तो घाबरलेला होता. तिच्या लक्षात आलं की ती जिंकू शकते. फोटो दाखवला तर त्याला कळेल, आणि कळलं की उद्यापासून तो त्या काचेवर विश्वास ठेवणार नाही, आणि मग त्याच्याजवळ काहीही उरणार नाही, गार सूप आणि परक्या पोरी यांच्यापलीकडे. आणि एका तासाने तो फोटो विसरेल, पण भीती विसरणार नाही. भीती अशी माणसं कधी विसरत नाहीत. तिला भयंकर संताप आला. कुणावर फेकायचा होता तो संताप? ती इमारत दोनशे किलोमीटर दूर होती आणि तिथं आज सगळ्या गाड्या वेळेवर होत्या. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"बेकरीत गेले होते," ती म्हणाली.

"बेकरीत?"

"उतरले आणि तशीच तिकडे गेले. तुला केक न्यावा म्हटलं. रांग होती. मग एक जुनी ओळखीची भेटली, बोलत बसले. चुकलं माझं."

हिनरिकने ते नीट तपासून पाहिलं. हळूहळू त्याच्या कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. "आणि केक कुठाय?"

"माझ्या पुढच्या बाईपाशी संपला."

तो हसला. आठवड्यात पहिल्यांदा हसला. "पावणेदोन तास रांगेत, आणि हात हलवत आली," तो शेजारच्या म्हातारीला म्हणाला, आणि फ्राउकेच्या हातावर थोपटलं. "तसं सांगायचं ना मग. गाडी आली नाही म्हणे."

मिलेना कपांचं तबक घेऊन जाता जाता थांबली. तिने फ्राउकेच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा," ती हळूच म्हणाली, "खरं सांगितलं की कसं मोकळं वाटतं. मी कुणाला बोलणार नाही." फ्राउकेने मान हलवली. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं कोण जाणे.

"उद्या आधी इकडे ये," हिनरिक म्हणाला. "मग जा कुठं जायचं तिथं."

"हो."

"एक बावन्न?"

"एक बावन्न," फ्राउके म्हणाली. टेबलाखाली तिने डावा बूट अलगद सोडवला. टाचेची कातडी मोज्याला चिकटून निघाली होती.